कुत्र्याचे सांधे आणि कच्चं मांस: द्यायचं की शिजवायचं?

सुदामानगरी (धागाकर्ता)

इंदूरच्या मराठी घरांत लॅब्रॅडॉर सात-आठ वर्षांचा झाला आणि जिन्यावर मागचे दोन्ही पाय एकदम टाकू लागला, की सांध्यांच्या पावडरीचा डबा येतो. ताटलीत मात्र पोळी-दूध, सकाळच्या पोह्यांतला वाटा आणि चहाबरोबरची बिस्किटं तशीच. माझं म्हणणं असं की पावडर बाजूला ठेवा, ताटली बदला आणि ती कच्च्या मांसावर न्या. चिकन-भातावर नाही, कच्च्यावरच.

कारण सांध्यातली कूर्चा ही मुख्यतः पाणी, टाइप-२ कोलॅजेन आणि कॉन्ड्रॉइटिनसारखे पदार्थ यांची असते. कोंबडीच्या छातीच्या हाडाचं मऊ टोक, मान, पंजे यांत हेच सगळं असतं. उष्णता लागली की कोलॅजेनचे पीळ सुटतात आणि त्याचं जिलेटिन होतं. बाजारात 'अनडिनेचर्ड' टाइप-२ कोलॅजेन म्हणून जे महाग विकतात, तेही कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून आणि उष्णता टाळूनच बनवलेलं असतं. मग तीच कूर्चा कच्ची दिली तर काय बिघडलं?

२७ किलोच्या प्रौढ कुत्र्याचा हिशोब देतो. वजनाच्या २.५ टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे ६७५ ग्रॅम. त्यात ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी, ५ टक्के गुर्दा किंवा तिल्ली. प्रत्यक्षात: कोंबडीच्या माना २०० ग्रॅम (मानेत साधारण एक तृतीयांश हाड, म्हणजे हाडाचा वाटा इथेच भागला), बिनहाडाचं मांस, दिल आणि पोटा (कोंबडीचं जठर) मिळून ४१० ग्रॅम, कलेजी ३४, बकऱ्याचा गुर्दा ३४. दिल आणि पोटा हे स्नायू आहेत, ते अवयवांत मोजू नका. नवशिक्यांचं गणित नेमकं तिथेच चुकतं. कोंबडी समोर कापून घ्या, तासाच्या आत घरी आणा, एकेका जेवणाची पाकिटं करून गोठवा. गोठलेलं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडवायचं, ओट्यावर नाही. ताटली वीस मिनिटांत रिकामी झाली नाही तर उचलायची.

महूचा_रस्ता

गणित नीट मांडलंत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निष्कर्षाबद्दल आहे.

कोलॅजेनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. उष्णतेने ते मोडतं, खरं. पण कुत्र्यांवरच्या चाचण्यांत ती पावडर रोज ४० मिलिग्रॅम दिली होती आणि त्यात न मोडलेलं टाइप-२ कोलॅजेन फक्त १० मिलिग्रॅम. इतक्या चिमूटभर मालातून कूर्चा बांधली जात नाही. कल्पना अशी आहे की आतड्यातल्या प्रतिकारपेशींना थोड्या थोड्या कोलॅजेनची सवय होते आणि सांध्यातल्या कोलॅजेनवरचा त्यांचा राग कमी होतो. तो परिणाम मोजून दिलेल्या पावडरीचा तपासलेला आहे, २०० ग्रॅम मानांचा नाही. शिवाय मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या गटाने २०२२ साली कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवरच्या खाद्यांचा आणि पूरकांचा एकत्रित आढावा घेतला. ओमेगा-३ ला चांगला आधार मिळाला, कोलॅजेनला कमजोर, आणि ग्लुकोसामिन-कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग दिसला नाही. म्हणजे पावडरीचा डबा बाजूला ठेवा हे तुमचं म्हणणं मला मान्य. पण मग मानेतल्या कॉन्ड्रॉइटिनलाही तोच न्याय लागतो.

खरा प्रश्न वजनाचा आहे आणि तुमच्या हिशोबात तोच निसटलाय. २७ किलो हे लॅब्रॅडॉरचं 'असायला हवं' ते वजन धरा. आपल्याकडचा दुखऱ्या सांध्यांचा लॅब सहसा ३२-३३ चा असतो, आणि घरचे २.५ टक्के काढतात ते काट्यावर दिसणाऱ्या वजनावर. झाले ८०० ग्रॅम. कोंबडीची मान कातडीसकट १०० ग्रॅमला सुमारे ३०० किलोकॅलरी, कातडी काढली तर साधारण निम्म्या. कातडीवालं मांस २१५ च्या आसपास. म्हणजे ८०० ग्रॅमची ताटली दीड हजारांच्या पुढे सहज जाते. वजन उतरवायचं तर ऊर्जा ठरवायची ती लक्ष्य वजनावर: ७० गुणिले (किलो चा ०.७५ घात). २७ किलोला ती ८३० किलोकॅलरी येते. टक्केवारीचा नियम सोपा आहे, पण १०० ग्रॅममध्ये किती चरबी आहे हे त्याला कळत नाही.

वजनाचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. १९८७ साली सुरू होऊन २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जोड्यांनी घेतले होते. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. खुब्याची सांधेझीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा आणि सौम्य. दोन्ही गटांचं अन्न एकच होतं, कोरडं.

हाडाचा_माणूस

म्हणजे उपाशी ठेवा, हाच सल्ला? 😄

गंभीरपणे बोलतो. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याचं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, शी कमी आणि घट्ट होते, आणि हाड चघळताना दात घासले जातात. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, कच्चं हाड चुरतं. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल कडक असतं. साल्मोनेला जंतूची भीती माणसाच्या पोटावरून कुत्र्याला लावू नका. लांडग्याने कधी कुकर लावला? आणि भात-पोळी हे काही कुत्र्याचं अन्न नव्हे. १९९३ पासून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डॉ. इयन बिलिंगहर्स्ट यांनी हा आहार मांडल्यापासून, जगभर लोक देताहेत.

तिळकनगर_गच्ची

लांडग्याचं आधी आटपते. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा तो परिणाम. नीट शिजलेला भात कुत्रा छान पचवतो. आणि रानातला लांडगा सांधे झिजायच्या वयाला क्वचितच पोचतो, त्यामुळे बारा वर्षांच्या लॅबसाठी त्याला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

कच्चं हाड चुरतं हे मानेबद्दल खरं. बकऱ्याच्या नळीबद्दल अजिबात नाही. वरच्या जबड्यातली मोठी कातर-दाढ नळीवर उभी चिरते, तुकडा सुटतो, आतली नस उघडी पडते. दात घासायला नळी देणारे शेवटी दाढ काढायला जातात. साधी परीक्षा: हाडावर अंगठ्याचं नख रुतत नसेल तर ते दातांसाठी नाही.

आम्लाचं म्हणाल तर कुत्रा आजारी न पडता साल्मोनेला शीतून बाहेर टाकत राहतो. त्याच फरशीवर नातवंड रांगतं. ताटली, कुत्र्याचं तोंड, त्याने चाटलेले हात… आपल्यापैकी निम्म्या घरांत तर मांस मुख्य ओट्यावर येतच नाही, गच्चीत वेगळी शेगडी असते. हे सोवळं निदान या बाबतीत उपयोगी आहे, पण कच्चं मांस शेगडीवर न जाता थेट फरशीवरच्या ताटलीत गेलं तर त्याचा उपयोग संपला.

सुदामानगरी

स्वच्छता पाळली तर हे सगळं टाळता येतं. समोर कापलेली, तासाभरात आणलेली कोंबडी आणि चार दिवस प्रवास केलेला गोठवलेला माल यांत फरक आहे की नाही?

महूचा_रस्ता

सडण्याच्या बाबतीत आहे. कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेलाच्या बाबतीत फारसा नाही, कारण ते बाहेरून येत नाहीत. कोंबडीच्या स्वतःच्या आतड्यातून येतात. दुकानातला पिसं काढायचा फिरता ड्रम बघा. रबरी बोटांच्या दाबाने पक्ष्याची विष्ठा बाहेर येते आणि त्याच ड्रममधून पुढचे पक्षी जातात. समोर कापली तरी ड्रम तोच. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, झोपतो. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा तर उणे १८ पर्यंत जातोच असंही नाही.

आता मानेबद्दल, कारण सांध्यांच्या नावाखाली सगळ्यात जास्त तीच दिली जाते. मेलबर्न विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'अ‍ॅक्यूट पॉलिरॅडिक्युलोन्यूरायटिस' झालेले २७ कुत्रे आणि न झालेले ४७ यांची तुलना होती. कच्ची कोंबडी खाणं आणि हा आजार यांचा संबंध दिसला. आजारी कुत्र्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडण्याची शक्यता ९ पटींहून अधिक होती. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. सुरुवात मागच्या पायांपासून, मग पुढचे पाय, भुंकण्याचा आवाज बसतो. घरच्यांना वाटतं, संधिवात वाढला, आणि ते आणखी माना आणतात.

ओळखायचं कसं: सांधेझीज महिन्या-महिन्यांनी वाढते, झोपून उठल्यावर ताठर असते, चार पावलांनी सैल होते. नसांची लुळेपणाची तक्रार दिवसागणिक वाढते आणि चालून सैल होत नाही. चालणं दोन-तीन दिवसांत ढासळलं आणि आवाजही बदलला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या जाणत्या डॉक्टरकडे.

मानेत अजून एक गोम आहे. थायरॉइडची ग्रंथी चिकटून आली आणि रोज पोटात गेली तर रक्तातला थायरॉइड वाढतो. कुत्रा वजन गमावतो, धापा टाकतो, बेचैन होतो. बारीक झाला म्हणून घरचे खूश!

चौथा_पाय

मोठ्या कुत्र्यांचं चाललंय, पण पिल्लांचं कोणी बोलेल का? इंदूरात लॅब आणि शेफर्डची पिल्लं घेतल्या घेतल्या दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक, फक्त चिकन, हाड नको. दोन, कॅल्शियमचं सिरप रोज दोन चमचे.

महूचा_रस्ता

दोन्ही सांधे बिघडवतात, आणि ते बिघडणं जन्मभर राहतं. हाड नसलेल्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला ते हाडांतून ओढतं. हाडं पातळ होतात, पाय वाकतात, कधी नुसत्या उडीने मोडतात. उलट टोकाला, सहाएक महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. दिलं तितकं बरंचसं शोषलं जातं, वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रिया अडखळते आणि सांध्यात कूर्चेचा पापुद्रा सुटतो. चांगलं पिल्लू-खाद्य चालू असेल तर सिरप बंद. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी अमेरिकी मानकात कॅल्शियमची वरची मर्यादा कोरड्या वजनाच्या १.८ टक्के आहे. पाकिटावर 'लार्ज ब्रीड' आणि वाढीचं वय दोन्ही लिहिलेलं पाहा. कॅल्शियम-फॉस्फरस १.२ ते १.४ ला १ या प्रमाणाच्या आसपास असावं.

घरी बनवलेलं कच्चं, १५ महिन्यांच्या आत, मोठ्या जातीला: माझ्या मते नाहीच.

हाडाचा_माणूस

पिल्लांबद्दल सहमत. प्रौढांना ८०-१०-१० पुरतं की.

तिळकनगर_गच्ची

पुरत नाही, आणि जे कमी पडतं ते नेमकं सांध्याचंच आहे. कूर्चेतले मोठे रेणू बांधणाऱ्या एन्झाइमांना मँगनीज लागतं, आणि स्नायूंच्या मांसात मँगनीज नगण्य. जस्त, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई यांतही तूट पडते. कलेजी ५ टक्क्यांवर का थांबवायची? व्हिटॅमिन ए साचत गेलं तर हाडांवर आणि सांध्यांच्या कडेला नवं हाड फुटतं. स्वस्त मिळते म्हणून पाव-पाव किलो कलेजी देणारे सांधेच आखडवतात.

शिजवून द्यायचं तर २७ किलो लक्ष्य वजनाच्या, वजन उतरवणाऱ्या लॅबसाठी एका दिवसाचं असं बसतं: बिनकातडीचं चिकन ३५० ग्रॅम, तांदूळ ७० ग्रॅम (दोन्ही कच्च्या वजनाने), दुधी-गाजर-भोपळा मिळून १५०, कोंबडीची कलेजी २५. तेल वेगळं, त्याचं खाली. कॅल्शियम दीड ग्रॅमच्या आसपास लागतं. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळा, वाळवा, मिक्सरमध्ये पिठासारखी करा. साधारण ४ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडी कमी. भरड राहिली तर कॅल्शियम नीट लागत नाही. त्यावर डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेली जीवनसत्त्व-खनिजांची पावडर. ती वगळून 'घरचं तेच चांगलं' म्हणणारे कच्च्यावाल्यांइतकेच चुकतात.

मांस मध्यभागी गुलाबी राहता कामा नये; थर्मामीटर असेल तर ७४ अंश. कांदा, लसूण, मीठ काही नाही. शिजवलेलं पाणी ओतू नका, टॉरिन आणि बी गटातली जीवनसत्त्वं त्यात उतरतात. भात त्याच पाण्यात लावा. पंजांचा मोह सुटत नसेल तर नखं कापून कुकरला लावा, हाडं वेचून टाका, रस गार करून वर आलेली चरबी काढा. जी थरथरती खळ उरते ती दोन चमचे चव म्हणून ठीक, औषध म्हणून नाही. हाडं ओल्या कचऱ्यात, आणि झाकण घट्ट. नाहीतर रात्री कुत्राच डबा उघडतो आणि शिजलेलं हाड खातो.

सुदामानगरी

मँगनीजचा मुद्दा घेतो. ओमेगा-३ साठी मग मासे? इथे रोहू-कटला ताजी मिळते.

महूचा_रस्ता

गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात सांध्याला हवे ते ईपीए-डीएचए, म्हणजे माशांच्या तेलातले ओमेगा-३, फार थोडे. बांगडा, तारली हवी, आणि ती इंदूरात बर्फातून येते. शिजवून द्या: तारलीसारख्या काही माशांत थायमिन मोडणारं एन्झाइम असतं, ते शिजल्यावरच निकामी होतं. जवसाने काम होत नाही, जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीरात ईपीए-डीएचएमध्ये फार कमी बदलतं.

सांधेझिजेसाठी वापरला जाणारा डोस: ईपीए आणि डीएचए मिळून ३१० मिलिग्रॅम गुणिले (किलो चा ०.७५ घात). २७ किलोला सुमारे ३,७०० मिलिग्रॅम. साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३०० च. बारा कॅप्सूल झाल्या! त्यांच्या सुमारे १०८ किलोकॅलरीही ८३० मध्येच बसवायच्या. म्हणून घट्ट सांद्रतेचं तेल घ्या, पाव डोसने सुरू करा, तीन-चार आठवड्यांत वर न्या. शी पातळ झाली की एक पायरी खाली. स्वादुपिंडाचा आजार होऊन गेला असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि कॉड लिव्हर ऑइल नको, पुन्हा व्हिटॅमिन ए.

एक गोष्ट वर राहून गेली: गुर्दा-तिल्ली, आणि लोक देतात ते फुप्फुस. बकऱ्या-म्हशींच्या अवयवांत हायडॅटिडचे, म्हणजे टेपवर्मच्या अळ्यांचे, पाण्याचे फोड असू शकतात. कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात अगदी बारीक टेपवर्म वाढतो, सहा-सात आठवड्यांत अंडी शीतून बाहेर पडू लागतात, आणि तीच अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात फोड. कुत्रा बाहेरून ठणठणीत. दर तीन महिन्यांच्या जंताच्या गोळीने ही साखळी तुटत नाही. कच्चे अवयव खाणाऱ्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वान्टेल हे टेपवर्मचं औषध लागतं. त्यापेक्षा ते ३४ ग्रॅम उकळा.

हाडाचा_माणूस

मान सोडतो, अवयव उकळतो. पण बिनहाडाचं मांस आणि पोटा कच्चाच राहील. पोळी-दुधावरून कच्च्यावर आलेले कुत्रे पुन्हा जिना चढताना दिसतात, हे कसं नाकारणार?

महूचा_रस्ता

नाकारत नाही. पण त्याच आठवड्यात तुपाची पोळी, बिस्किटं आणि शेव बंद झालेली असते. ग्लुकोज बिस्किट एक, २५ किलोकॅलरी. चहाला चार म्हणजे शंभर. ३२ किलोचा कुत्रा दोन-अडीच किलोंनी उतरला तरी चालण्यात फरक दिसतो. तो कच्चेपणाचा आहे की वजनाचा, हे दोन्ही एकदम बदलून कळणार नाही.

तुमचं तुम्हीच तपासा. आठ आठवडे उष्मांक तेच ठेवा, मांस फक्त शिजवून द्या. दर रविवारी उपाशीपोटी वजन. आठवड्याला शरीराच्या १ ते २ टक्क्यांहून जास्त उतरू नये. मोबाइलवर एकाच ठिकाणी, बाजूने, जिना आणि सपाट चालणं, उठल्यावर लगेच. मधे फरशीवर नवी सतरंजी टाकू नका, नखं सुरुवातीलाच कापून घ्या, दुखण्याची गोळी चालू असेल तर तिचा डोस आपल्या मनाने हलवू नका. आणि माणसांचं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीच नाही.

स्टेरॉइडवर असलेला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून झालेल्या संधिवाताचा कुत्रा असेल तर मात्र प्रयोगही नको. त्याला कच्चं आजच बंद.

सुदामानगरी

आठ आठवडे मान्य. पण शिजवताना पोटा चिवट होतो, आमचे चारपायी महाराज तो बाजूला काढून ठेवतात.

तिळकनगर_गच्ची

बारीक चिरून कुकरला चार शिट्ट्या जास्त, आणि भातात कालवून.